एका प्रश्नाची १४७ उत्तरे

२०१७ च्या खरिपात मराठवाड्यातल्या कपाशीवर डोमकळ्या दिसू लागल्या. परभणीकर श्रोत्यांना डोमकळी म्हणजे काय ते सांगायला नको. पण हा मजकूर छापून शहरगावीही जाईल, म्हणून थोडे वर्णन. कपाशीचे फूल उमलायच्या ऐवजी त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि ते अर्धवट मिटलेल्या गुलाबासारखे दिसते. पाकळ्या बोटाने सोडवल्या की आत बारीक, पांढुरकी अळी सापडते. हीच गुलाबी बोंडअळी; गुलाबी रंग तिला नंतर येतो. तिची पुढची पिढी बोंडात शिरते. शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली निघते. त्या साली अनेकांच्या वेचणीला कापसापेक्षा कवडीच जास्त आली.

त्याच्या तीनच वर्षे आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जर्मनीच्या गॉटिंगेन विद्यापीठातले विल्हेल्म क्लुंपर आणि मतीन काईम या कृषी अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. जनुकीय बदल केलेल्या पिकांवर जगभर झालेले १४७ अभ्यास त्यांनी गोळा केले, त्यांतले आकडे एका मापात आणले आणि सरासरी काढली. उत्पादनात २२ टक्के वाढ. कीटकनाशकांच्या वापरात ३७ टक्के घट. शेतकऱ्याच्या नफ्यात ६८ टक्के वाढ. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीच्या बाजूने बोलणारा माणूस आजही हे तीन आकडे हमखास सांगतो.

मग खोटे कोण बोलते, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या शेतातली डोमकळी की गॉटिंगेनची सरासरी? कोणीच नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, हा या व्याख्यानाचा विषय. स्मृतिव्याख्यानमालेत एरवी साहित्य, समाजकारण, संतपरंपरा असे विषय येतात, तिथे ‘संशोधनाचा पद्धतशीर आढावा’ हे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण ज्या शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि जिथे दर गल्लीत एखादा ‘एम.एस्सी. ॲग्री’ भेटतो, तिथे हा विषय परका वाटायचे कारण नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन कोणताही प्रबंध उघडावा. दुसरे प्रकरण ठरलेले: पूर्वसंशोधनाचा आढावा. अमुक व इतर यांना असे आढळले, तमुक यांनी असे नमूद केले, फलाणे यांच्या मते अमुक मात्रा परिणामकारक ठरली. पानेच्या पाने अशीच, सालवार लावलेली. यातले काही संदर्भ मार्गदर्शकांनी सांगितलेले, काही सीनियरच्या प्रबंधातून जसेच्या तसे उतरवलेले, आणि बहुतेक आपल्या निष्कर्षाशी जुळणारे. उलटा निष्कर्ष देणारा निबंध समोर आलाच, तर तो ‘वेगळ्या परिस्थितीत केलेला’ म्हणून सोडून देता येतो. यात कोणी लबाडी करत नाही. विद्यार्थ्याला मुळात सिद्ध करायचे असते ते एवढेच, की आपण वाचले आहे. काय वाचले नाही आणि का वाचले नाही, हे त्याला कोणी विचारत नाही.

पद्धतशीर आढाव्यात नेमके तेच विचारले जाते. उदाहरण इथल्याच मातीतले घेऊ. ‘भारी काळ्या जमिनीत, कोरडवाहू सोयाबीनला, सपाट पेरणीच्या तुलनेत रुंद वरंबा सरीने उत्पादन वाढते का?’ प्रश्न मुद्दाम असा आवळून विचारायचा. कोणते पीक, कोणती जमीन, कशाशी तुलना, कोणते माप, हे आधी कागदावर यायला हवे. शोध सुरू करण्यापूर्वी तो कागद जाहीर केलेला असावा. एकदा आकडे दिसल्यावर प्रश्न वाकवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

मग शोध, आणि खरी गंमत इथे सुरू होते. शेतात दिसणारी सरी एकच. पण निबंधांत ती कुठे ‘बीबीएफ’ आहे, कुठे ‘ब्रॉड बेड फरो’, कुठे ‘लँड कॉन्फिगरेशन’, तर कुठे ‘इन-सिटू मॉइश्चर कन्झर्व्हेशन’ या भल्या मोठ्या छत्रीखाली लपलेली. मृदाशास्त्रज्ञाने तिच्यातला ओलावा मोजला. कृषी अभियंत्याने पेरणी यंत्राची कार्यक्षमता मोजली. अर्थशास्त्राच्या विभागाने खर्च-लाभ गुणोत्तर काढले. विस्तार शिक्षणवाल्याने किती शेतकऱ्यांनी ती अवलंबली आणि किती जणांनी दुसऱ्या वर्षी सोडून दिली, हे विचारले. चौघांचे निबंध चार वेगळ्या नियतकालिकांत, चार वेगळ्या शब्दांत. यांतले दोन विभाग एकाच इमारतीत असले तरी ते एकमेकांचे निबंध वाचतात असे गृहीत धरू नये. आढावा घेणाऱ्याला या चारही बोली आधी जमवाव्या लागतात, नाहीतर शोधयंत्र त्याला एकाच विभागाचे उत्तर देते आणि तो त्यालाच जगाचे उत्तर समजतो.

हाती आलेले शेकडो निबंध दोन माणसांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे निर्णय न पाहता, निवडायचे. मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जायचे. वगळलेल्या प्रत्येक निबंधापुढे कारण लिहायचे: तुलनेचा प्लॉट नाही, एकाच हंगामाचे आकडे, प्रबंध आणि निबंध यांत आकडे तेच, नुसता लेखकांचा क्रम वेगळा. हे शेवटचे कारण वाटते त्याहून फार वेळा लिहावे लागते, कारण एकच प्रयोग दोनदा मोजला गेला की सरासरी झुकते. उरलेल्यांची गुणवत्ता तपासायची: प्लॉट चिठ्ठ्या टाकून ठरवले होते का, पुनरावृत्ती किती होत्या, सगळे आकडे दिले आहेत की चांगले तेवढेच. एवढे झाल्यावर मग बेरीज, आणि तीही शक्य असेल तरच. किती सापडले, किती गळले, कोणत्या पायरीवर गळले याचा आराखडा छापण्याची शिस्त ‘प्रिझ्मा’ नावाने २००९ मध्ये रूढ झाली आणि २०२० मध्ये ती सुधारली गेली.

ही पद्धत वैद्यकातून आली असा समज आहे. तो अर्धाच खरा. १९०४ मध्ये लंडनच्या कार्ल पिअरसन या संख्याशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या ब्रिटिश सैनिकांना टोचलेल्या विषमज्वराच्या लशीचे वेगवेगळे आकडे एकत्र मांडले. पलटणीपलटणीत निकाल इतका वेगळा निघाला की सरसकट लस टोचण्याऐवजी आधी नीट प्रयोग करा, असे त्याने सुचवले. पण ‘निकाल ठिकाणागणिक का बदलतो’ या प्रश्नाला खरा आकार आला तो शेतात. इंग्लंडच्या रॉथम्स्टेड कृषी संशोधन केंद्रात १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आले. तिथल्याच फ्रँक येट्स आणि विल्यम कॉक्रन यांनी १९३८ मध्ये एकाच प्रकारचे प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या साली केले, तर त्यांचे एकत्रित विश्लेषण कसे करावे, यावर निबंध लिहिला. ठिकाणाठिकाणांतला फरक हा झटकून टाकायचा कचरा नाही, त्यातच माहिती आहे, ही त्यांची दृष्टी. आपल्याकडे विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी माणसांनी १९५४ मध्ये कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुखही होते. ‘पानसे-सुखात्मे’ हे जोडनाव कृषी पदवीधरांच्या दोन-तीन पिढ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री घेतले आहे.

पुढे नावांचा एक घोळ आहे. शेतीतला तो विल्यम कॉक्रन आणि वैद्यकातला आर्ची कॉक्रेन ही दोन वेगळी माणसे. दुसऱ्याने १९७२ मध्ये डॉक्टर मंडळींना खडसावले, की तुमच्या उपचारांपैकी कोणते खरोखर उपयोगी आहेत याचा हिशेबच तुमच्याकडे नाही. त्याच्या नावाने १९९३ मध्ये ऑक्सफर्डहून ‘कॉक्रेन कोलॅबोरेशन’ सुरू झाले. दरम्यान १९७६ मध्ये जीन ग्लास या अमेरिकी संशोधकाने शिक्षणक्षेत्रातल्या संशोधकांपुढे बोलताना ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव दिले होते. म्हणजे सैन्य, शेत, शाळा, दवाखाना असा प्रवास झाला, आणि शेताकडे ही पद्धत परत आली तेव्हा शेतीवाल्यांना ती पाहुणी वाटली.

एकाच जिल्ह्यातले काम जगाचे कसे होते, याचे महाराष्ट्रातले चांगले उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचा निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तो एकटाच राहिला असता, तर ‘तिथे बंग दांपत्य होते म्हणून जमले’ असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण सुनील साझावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी १९९२ मध्ये, आणि पुन्हा २००३ मध्ये, गडचिरोलीबरोबर इतर देशांतल्या अशाच चाचण्या जोडल्या. २००३ च्या आढाव्यात पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी घटलेले दिसले. नेपाळच्या डोंगरात आणि टांझानियाच्या किनाऱ्यावर बंग दांपत्य नव्हते. त्या सबबीला जागा उरली नाही.

आता भाकरीकडे वळू, कारण तिथे तीन-चार शास्त्रे एका ताटात येतात.

२०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची जात प्रसारित झाली. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही संस्था यांचे हे संयुक्त काम. तिच्या दाण्यात लोह किलोला सुमारे ४२ मिलिग्रॅम आणि जस्त सुमारे ३२ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या जातींहून जास्त. पैदासकाराचे काम इथे संपते. आईचा प्रश्न मात्र इथे सुरू होतो: ही भाकरी खाऊन मुलीच्या अंगात रक्त वाढेल का?

याला जवळचे उत्तर देणारा एक आढावा २०१९ मध्ये निघाला. ज्युलिया फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी लोहयुक्त पिकांच्या चाचण्या शोधल्या, तेव्हा माणसांवर नीट चिठ्ठ्या टाकून केलेल्या तीनच हाती लागल्या. पहिली फिलिपिन्समधल्या ख्रिस्ती मठांतल्या सिस्टरांची. नऊ महिने त्यांनी लोहयुक्त तांदळाचा भात खाल्ला. दुसरी रवांडातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींची. त्यांनी १२८ दिवस घेवडा खाल्ला. तिसरी आपल्या शेजारची, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांची. १२ ते १६ वर्षांची २४६ मुले-मुली, दोन गट, दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी; एका गटाला लोहयुक्त बाजरीची, दुसऱ्याला साध्या. चार महिन्यांत लोहयुक्त गटाच्या रक्तातला लोहसाठा वाढला. सुरुवातीलाच ज्यांच्या अंगात लोह कमी होते, त्यांची ती कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून अधिक निघाली.

मठातल्या सिस्टर, रवांडाच्या विद्यार्थिनी आणि नगरची वसतिगृहातली मुले यांना एका ओळीत बसवण्यात अर्थ काय, असे कोणी विचारील. अर्थ असा, की तिघांचे अन्न वेगळे, वय वेगळे, स्वयंपाक वेगळा. तरी लोहसाठा तिन्हीकडे सुधारला आणि ज्यांना गरज जास्त त्यांना फायदा जास्त, हेही जुळले. दुसरीकडे, त्या आढाव्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट त्यात नसलेली आहे: ज्वारी. या तीन चाचण्यांत ज्वारी नाही. बाजरीचा निष्कर्ष ज्वारीला परस्पर लावता येत नाही. दाण्यातले फायटेट किती, टॅनिन किती, दळताना किती गेले, यावर शरीराला पोचणारे लोह ठरते. पैदासकार दाण्यातले मोजतो, आहारतज्ज्ञ आतड्यातले मोजतो, डॉक्टर रक्तातले मोजतो, आणि घरात भाकरी आधी कोणाच्या ताटात पडते हे समाजशास्त्राने पाहायचे असते. या साखळीतली कोणती कडी गायब आहे, ते चारही विषयांचे निबंध एकत्र पसरल्याखेरीज दिसत नाही.

आता पुन्हा बीटीकडे, कारण तो हिशेब बाकी आहे.

त्या १४७ अभ्यासांत कपाशी होती, मका होता, सोयाबीन होते. अळीला मारणारे गुण होते, तसेच तणनाशक सहन करणारेही. गरीब देश होते, श्रीमंतही. २२ टक्के ही या सगळ्यांची सरासरी. लेखकांनी स्वतःच दाखवले होते की कीडरोधक पिकांत फायदा जास्त आणि विकसनशील देशांत जास्त; पण सादरीकरणाच्या पडद्यावर सरासरीच उरते. दुसरी गोष्ट काळाची. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, आणि इथले गाजलेले अभ्यास बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतले. योनास काथागे आणि काईम यांचा २०१२ चा अभ्यास महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या त्याच त्या शेतकऱ्यांना २००२ ते २००८ या काळात पुन्हा पुन्हा भेटून केलेला. त्यात एकरी उत्पादनात २४ टक्के आणि नफ्यात ५० टक्के वाढ दिसली. काम काळजीपूर्वक केलेले आहे. पण एका जनुकाच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमधून पुढे आले आणि बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीने मान्य केले ते २०१० मध्ये. दोन जनुकांच्या बीटीचेही पुढच्या चार-पाच वर्षांत तेच झाले. २०१४ चा आढावा म्हणजे अळी शिकण्यापूर्वीच्या कपाशीचा इतिहास होता. त्याला २०१७ चे भविष्य विचारणाऱ्यांची चूक आढावाकारांच्या माथी मारू नये.

मार्च २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये एक वेगळा लेख आला. लेखक दोन: नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, कीटकशास्त्रज्ञ केशव क्रांती, आणि वारंगळच्या गावांत वर्षानुवर्षे काम केलेले अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन. कीटकशास्त्र आणि मानववंशशास्त्र ही जोडी विवाहमंडळाने सुचवली नसती, पण ती जमली. त्यांनी वीस वर्षांची आकडेवारी राज्यवार, सालवार मांडली. देशातले रुईचे हेक्टरी उत्पादन २००२-०३ मध्ये ३०० किलोच्या आसपास होते, ते २००७-०८ पर्यंत साडेपाचशेच्या घरात गेले, हे खरे. पण मोठी उडी पहिल्या दोन-तीन वर्षांतली, आणि तेव्हा बीटीखालचे क्षेत्र अगदी थोडे होते. खतांचा वाढता वापर, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांच्याशी ती उडी अधिक जुळते, असे त्यांचे म्हणणे. हिरव्या बोंडअळीवरची फवारणी घटली, हा लाभ त्यांनी मान्य केला. पुढे तुडतुडे, पांढरी माशी आणि मग गुलाबी बोंडअळी यांनी तो खाल्ला. २०१८ पर्यंत कीटकनाशकांवरचा हेक्टरी खर्च बीटीपूर्व काळाहून जास्त झाला होता. त्यांच्या मांडणीवरही आक्षेप घेतले गेले, आणि काटेकोरपणे पाहता तो पद्धतशीर आढावा नव्हे. तरी दोन शास्त्रे एकत्र बसल्यावर काय दिसते, याचा तो नमुना आहे.

आश्रय पेरणीचे उदाहरण घ्या. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. कडेने त्याच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. कीटकशास्त्रज्ञाचे गणित या पुडीवर उभे होते. शेतकऱ्याने ती पुडी सहसा पेरली नाही; कोणी मुद्दाम अळीला चारा म्हणून दोन ओळींची जमीन का देईल? पुडी पेरली जात नाही, हे विस्तार कार्यकर्त्याला पहिल्याच वर्षी माहीत होते. प्रतिकार येणार, हे कीटकशास्त्रज्ञाला माहीत होते. कपाशी डिसेंबरनंतर उपटून न टाकता फरदड घेतली जाते, हे कृषी सहायकाला माहीत होते. लांब मुदतीचे संकरित वाणच बाजारात आहेत, हे दुकानदारालाही माहीत होते. हे सगळे एका कागदावर कोणी मांडले असते तर डोमकळ्यांचा अंदाज आधीच आला असता. मांडले नाही, कारण प्रत्येकाचे नियतकालिक वेगळे. त्याच २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्यांची नोंद वैद्यकीय कागदांत गेली. कीटकनाशकांच्या ‘वापरातल्या घटी’चा आढावा घेणारा त्या कागदांपर्यंत क्वचितच जातो.

शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नातही हेच झाले. बीटी आली आणि आत्महत्या वाढल्या, हे वाक्य जगभर फिरले. गियोम ग्रुएर आणि देबदत्ता सेनगुप्ता यांनी प्रसिद्ध अभ्यास, सरकारी आकडे आणि वृत्तांत एकत्र तपासले व बीटी हे आत्महत्यांचे आवश्यकही नाही आणि पुरेसेही नाही असे कारण आहे, असा निष्कर्ष २०११ मध्ये मांडला. पण कारण काय नाही हे कळल्याने कारण काय ते कळत नाही. त्यासाठी सृजित मिश्रा यांच्या २००६ च्या अभ्यासाकडे जावे लागते. त्यांनी आत्महत्या झालेल्या घरांची तुलना तशाच, पण आत्महत्या न झालेल्या घरांशी केली. कर्ज जास्त, बैल कमी, कुटुंब मोठे, लग्नाच्या मुली असलेली घरे अधिक. दावणीला बैल आहे की नाही, हा प्रश्न बीटीच्या कोणत्याही शेतचाचणीत विचारला जात नाही.

इथपर्यंत पद्धतीचे कौतुक झाले. आता तिच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत.

आढाव्यात तेच येते जे छापले जाते. १९७९ मध्ये रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञाने टेबलाच्या खणात पडून राहिलेल्या निष्फळ प्रयोगांची अडचण मांडली. परभणीत तो खण फार मोठा आहे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या, म्हणजे ॲग्रेस्कोच्या, बैठकीत दरवर्षी शिफारशी मंजूर होतात. नामंजूर झालेल्या, ‘आणखी एक वर्ष घ्या’ म्हणून परत पाठवलेल्या प्रयोगांचे आकडे विभागाच्या अहवालात राहतात. कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र परभणीत आहे. तिथली सोयाबीन आणि तूर ४:२ ओळींची शिफारस गावोगाव पोचली. तिच्यामागची सालवार, पाऊसवार आकडेवारी कोणत्याही जागतिक शोधयंत्रात सापडणे मुश्कील. प्रबंधांपैकी बरेच आता ‘कृषिकोश’वर चढले आहेत, ही मोठी सोय. विद्यापीठाच्या ‘शेतीभाती’ मासिकातल्या मराठी लेखांना मात्र जगाच्या हिशेबात अस्तित्व नाही. त्यामुळे ‘अर्धशुष्क उष्ण प्रदेशातल्या काळ्या जमिनी’ असा भारदस्त मथळा असलेल्या आढाव्यात प्रत्यक्ष काळ्या जमिनीवर राहणाऱ्यांचे प्रयोग कमी आणि परदेशी प्रकल्पांचे जास्त, असे होते.

दुसरी खोड म्हणजे आढाव्यांचाच महापूर. जॉन आयोनिडिस यांनी २०१६ मध्ये दाखवले की बरेचसे आढावे एकमेकांची नक्कल करणारे, दिशाभूल करणारे किंवा हितसंबंधांत अडकलेले असतात. स्वतःचा प्रयोग न करता निबंध काढायची ती सोपी वाट झाली आहे, आणि बढतीच्या गुणपत्रकाला त्यातला फरक कळत नाही. यंत्राची मदत आली तशी वाट आणखी सोपी झाली. मात्र चांगला वापरही आहे. भूक संपवण्यासाठी पैसा कुठे लावावा हे शोधणाऱ्या ‘सेरेस २०३०’ या प्रकल्पाने २०२० मध्ये पाच लाखांहून अधिक निबंध यंत्राच्या मदतीने चाळले. त्यांतले बहुसंख्य लहान शेतकऱ्याच्या गरजेशी संबंधच नसलेले निघाले. शेतीवर एवढे लिहिले गेले आणि त्यात दोन-तीन एकरवाला एवढा कमी, हे कळायलाही आढावाच लागला.

परभणीने यात काय करावे? एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या काही विद्यार्थ्यांना नवा प्रयोग न करता जुन्या प्रयोगांचा पद्धतशीर आढावा हाच प्रबंध म्हणून सादर करू द्यावा. ‘शेतात पाय न टाकता पदवी?’ असा आक्षेप येईल. पण तीच खतमात्रा, तेच अंतर, तीच तीन वर्षे असा प्रयोग पुन्हा एकदा करून जमिनीला तरी नवे काय कळते? २०१७ मध्ये रोहित बोराह आणि सहकाऱ्यांनी नोंदणी झालेल्या आढाव्यांचा हिशेब काढला, तेव्हा एका आढाव्याला सरासरी ६७ आठवडे आणि पाच लेखक लागलेले दिसले. पाच जण पाच विभागांचे घेतले तर बरे.

सुरुवात गावराणी कपाशीपासून करता येईल. परभणीच्या महेबूब बाग कापूस संशोधन केंद्राने देशी कपाशीत लांब धाग्याचे वाण काढले. पीए २५५ म्हणजे ‘परभणी तुराब’, पीए ४०२ म्हणजे ‘विनायक’, मग पीए ०८, पीए ५२८, पीए ८१२. देशी कपाशी रसशोषक किडींना जास्त दाद देत नाही आणि पावसाच्या खंडात तग धरते, असे इथला प्रत्येक जाणकार सांगतो. किती दिवसांच्या खंडात, किती उथळ जमिनीत, संकरित बीटीच्या तुलनेत किती रुपये कमी खर्चात, धाग्याला जिनिंगवाल्याने काय भाव दिला आणि लागवड सोडलेल्या शेतकऱ्याने ती का सोडली, या प्रश्नांची उत्तरे पैदास, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण या पाच विभागांच्या कपाटांत आहेत. पहिल्या आठवड्याचे काम एवढेच: पाचही विभागांत या कपाशीला कोणकोणत्या नावांनी हाक मारली आहे त्याची यादी करायची, त्यात ‘गावराणी’ हा शब्द मराठीत घालायला विसरायचे नाही, आणि ॲग्रेस्कोत नामंजूर झालेल्या प्रयोगांचे अहवाल विभागप्रमुखांकडे लेखी मागायचे.